विचारा बिनधास्त: ट्रायटनला सायलेन्सर कुठला लावायचा?

प्रश्न: दादा नमस्कार. आमच्या काकांची १९६६ ची ट्रायम्फ बोनव्हिल, साडेसहाशे सीसी, कित्येक वर्षं चाळीच्या जिन्याखाली झाकून पडलेली. इंजिन चांगलं निघालं पण फ्रेम गेलेली होती. मग ओळखीतून नॉर्टनची फेदरबेड फ्रेम मिळाली आणि आता ट्रायटन बनवतोय. इंजिन बसलं, टाकी बसली, रिअरसेट (मागे सरकवलेले फूटरेस्ट) बसले, गाडी अडलीय ती सायलेन्सरपाशी. मित्र म्हणतात मेगाफोन लाव, मिस्त्री म्हणतो बुलेटचे गोल्डस्टार लावू स्वस्तात काम होईल, आणि नेटवर टू-इन-वन, पीशूटर, अजून काय काय बघून डोकं गरगरतंय. गाडी रोज नाही चालवणार, रविवारी मरीन ड्राइव्ह ते वरळी, कधीतरी जुन्या हायवेने लोणावळा. आवाज भारी हवा पण आई आणि शेजारी दोघांचं ऐकून घ्यावं लागू नये. काय लावू?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर: मित्रा, आधी तुझं मनापासून कौतुक, कारण फेदरबेड फ्रेम आणि बोनव्हिलचं इंजिन एका जागी आणणं हेच सगळ्यात अवघड काम होतं आणि ते तू केलंयस. ही फ्रेम बेलफास्टच्या मॅकँडलेस भावांनी बनवली, १९५० ला नॉर्टनच्या रेसच्या गाड्यांवर आली आणि वळणावर तिच्यासारखी बसणारी दुसरी फ्रेम तेव्हा नव्हती. ट्रायम्फचं ट्विन इंजिन हलकं, पळणारं आणि पार्ट सहज मिळणारं, म्हणून तिकडच्या पोरांनी दोन्ही जोडून ट्रायटन केली आणि एस कॅफे या लंडनमधल्या बाइकवाल्यांच्या अड्ड्यासमोर अशा गाड्यांच्या रांगा लागायच्या. पण त्यांना त्या कॅफेतून निघून मोकळ्या रिंगरोडवर सुसाट जायचं होतं आणि तुला ऑपेरा हाऊसच्या सिग्नलला पहिल्या गियरमधे थांबत थांबत जायचंय, तर दोघांना एकच सायलेन्सर कसा चालेल?

माझं उत्तर सांगून टाकतो, मग कारणं देतो. दोन वेगळे बेंड पाईप (इंजिनपासून सायलेन्सरपर्यंत जाणारे वाकवलेले पाईप), इंजिनच्या पुढे त्यांना जोडणारा बॅलन्स पाईप, आणि मागे लांब बॉडीचे, पोटात खरी जाळी असलेले दोन सायलेन्सर, शेप पीशूटर घे नाहीतर गोल्डस्टार घे, तो तुझ्या डोळ्याला आवडेल तसा. मेगाफोन या गाडीला लावू नकोस.

आता मेगाफोन का नको ते नीट समजून घे, कारण मित्र परत परत तेच सांगणार आहेत. एक्झॉस्ट व्हॉल्व उघडला की पाईपमधून दाबाची एक लाट सुटते, ती गरम गॅसमधे सेकंदाला साधारण पाचशे मीटरने पळते, आणि पाईप जिथे रुंद होतो किंवा संपतो तिथून उलटी फिरून परत इंजिनकडे येते, पण येताना ती ओढणारी लाट होऊन येते. आत घेणारा आणि बाहेर सोडणारा असे दोन्ही व्हॉल्व थोडे थोडे उघडे असतात त्या नेमक्या क्षणाला ती पोचली तर उरलेला धूर ओढून काढते आणि मागोमाग ताजं मिक्श्चरही आत खेचते, म्हणून पॉवर वाढते. मेगाफोनचा तोंडाकडे रुंद होत जाणारा आकार ही ओढ खूप जोरदार करतो. गोची अशी की पाईपची लांबी एकदा कापली की कापली, लाटेला जायला यायला लागणारा वेळ जवळपास तेवढाच राहतो, पण इंजिनचा वेळ बदलतो. सहा हजार आरपीएमला क्रँक एक फेरा सेकंदाच्या शंभराव्या भागात मारतो, तीन हजारला त्याला दुप्पट वेळ लागतो. म्हणजे सहा हजारला बरोबर वेळेवर येणारी लाट तीन हजारला भलत्याच वेळी येऊन धडकते, धूर परत सिलिंडरमधे ढकलते, कार्बोरेटर उलटा थुंकतो आणि गाडी गुदमरते. बोनव्हिल टॉप गियरमधे साठच्या स्पीडला अडीच हजारच्या आसपास फिरते. मुंबईत तू नव्वद टक्के वेळ तिथेच असणार, म्हणजे जिथे मेगाफोन सगळ्यात वाईट चालतो तिथेच. मागे उलटा कोन लावलेला मेगाफोन असतो तो हा त्रास थोडा कमी करतो, पण तो तरी आतून मोकळाच, आणि शेजाऱ्यांचं काय ते तूच लिहिलंयस.

टू-इन-वन वाईट नाही, उलट तुझ्या इंजिनला ते शोभतं. बोनव्हिलचे दोन्ही पिस्टन एकदम वर एकदम खाली जातात आणि आळीपाळीने फायर होतात, प्रत्येक फेऱ्याला एक, त्यामुळे एकाच पाईपमधे दोघांचे ठोके सारख्या अंतराने येतात, एकमेकांच्या पायात येत नाहीत. वजन कमी, एक बाजू मोकळी, आवाज खोल. पण एकाच सायलेन्सरला दोन सिलिंडरचं काम करावं लागतं म्हणून तो मोठा घ्यावा लागतो, आणि दोन्ही बाजूंना पाईप नसलेली ट्रायटन मला तरी अर्धवट वाटते. तुला वाटत नसेल तर खुशाल लाव.

बॅलन्स पाईपमुळे काय होतं, तर प्रत्येक ठोक्याला बाहेर पडायला दोन्ही सायलेन्सर मिळतात, त्यामुळे आवाज पडतो आणि मधल्या आरपीएमला ओढ वाढते. ट्रायम्फने स्वतः साठच्या दशकाच्या शेवटी बोनव्हिलला तो दिला. तुझ्या फ्रेमवर तो लावताना एक गोष्ट बघायची: पुढचा शॉकअप पूर्ण दाबून बघ की मडगार्ड आणि चाक त्या आडव्या पाईपला टेकत नाहीये ना. गाडी स्टँडवर असताना दोन बोटांची जागा दिसते आणि खड्ड्यात ती शून्य होते.

उजव्या बाजूला अजून एक अडचण. ब्रिटिश गाडी असल्याने किक आणि गियर दोन्ही उजवीकडे, त्यात तू रिअरसेट लावलेस. वर उचललेला स्वेप्ट-बॅक पाईप किकच्या रस्त्यात येतो. तेव्हा पाईप पक्का करायच्या आधी किक पूर्ण खालपर्यंत फिरवून बघ, गियर लिव्हर वर खाली करून बघ, मागचा अॅक्सल सायलेन्सर न काढता बाहेर येतो का बघ. पंक्चर झाल्यावर खोपोलीला रस्त्याच्या कडेला सायलेन्सर खोलत बसायचं नसेल तर हे आताच बघायचं.

आता मिस्त्रींच्या गोल्डस्टारबद्दल. मूळ गोल्डस्टार ही बीएसएची पाचशे सीसी सिंगल, तिच्या सायलेन्सरचा थ्रॉटल सोडल्यावरचा चिवचिवाट आजही लोक आठवतात. बुलेटवाल्यांकडे गोल्डस्टार म्हणून जे मिळतं त्याचा शेप तसा असतो पण आत काय आहे ते दुकानागणिक बदलतं, काही चांगले असतात आणि काहींमधे एक भोकं पाडलेली नळी सोडून काही नसतं. घेताना टॉर्च मारून आत बघ. सरळ आरपार उजेड दिसला आणि नळीभोवती काचेची लोकर नसली तर ठेवून दे. दुसरं म्हणजे मापं. तुझी गाडी इंचाची आहे, दीड इंच म्हणजे ३८.१ मिलीमीटर, पावणेदोन इंच म्हणजे जवळजवळ साडेचव्वेचाळीस. व्हर्नियर कॅलिपरने बेंड पाईपचं बाहेरचं आणि सायलेन्सरच्या तोंडाचं आतलं माप घे, दोघांत एखाद्या मिलीमीटरचा फरक असेल तर क्लँप कितीही आवळला तरी गळणारच.

आणि गळण्याची सगळ्यात महत्त्वाची जागा हेडपाशी आहे. तुझ्या १९६६ च्या हेडमधे स्टीलचे स्टब, म्हणजे आखूड नळ्या, आट्यांनी बसवलेले असतात, बेंड पाईप त्याच्यावर चढतो आणि वर पंखेवाला क्लँप येतो. हे स्टब ढिले होतात. ढिल्या स्टबवर गाडी चालवत राहिलं की अॅल्युमिनियमच्या हेडमधले आटे खाल्ले जातात आणि मग हेड उतरवून काम करावं लागतं, म्हणून नवीन पाईप चढवायच्या आधी स्टब हाताला हलतो का ते तपास. फिटिंग करताना सगळे बोल्ट आधी नुसते अडकवून ठेव, मग हेडकडून आवळत मागे जा. पाईप हाताने सहज जागेवर यायला हवा, ओढून ताणून बोल्ट घातलास तर व्हायब्रेशनने कंसाची पट्टी तुटणारच. मागच्या मांडणीला रबर बुश घाल.

शेवटी जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक. सायलेन्सर बदलला की गाडीचं श्वास घेणं बदलतं, हवा जास्त पेट्रोल कमी असं होतं, त्यात आता पंपावर इ-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतंय, इथेनॉलमधे ऑक्सिजन असल्याने मिक्श्चर अजून पातळ पडतं. तुझ्या अमाल कार्बोरेटरच्या मेन जेटवर जो नंबर असतो तो पेट्रोल किती वाहतं त्याचा, आणि तो दहा दहाने चढतो. दोन्ही कार्बोरेटरला एक पायरी मोठा जेट घालून सुरुवात कर. मग रिकाम्या सरळ चढावर तिसऱ्या गियरमधे दोन-चार सेकंद थ्रॉटल पूर्ण उघड आणि चिमूटभर मागे घे. मागे घेतल्यावर गाडी उलट किंचित जोर धरते असं वाटलं तर पेट्रोल कमी पडतंय, अजून एक पायरी चढ. गुरगुरून अडखळत असेल तर जास्त झालं. हे न करता नुसता सायलेन्सर लावून फिरणाऱ्यांचे पिस्टन जळतात आणि शिव्या सायलेन्सरला बसतात.

प्रश्न: इंग्लंडहून किट मागवायचं की इथेच बनवून घ्यायचं? कस्टम ड्यूटी धरून किंमत डोळे पांढरे करतेय.
— एक वाचक, लालबाग

उत्तर: सायलेन्सर तयार घ्या, बेंड पाईप इथे बनवा, असं माझं मत. सायलेन्सरच्या आतली रचना घरगुती अंदाजाने नीट जमत नाही, पण पाईप वाकवणं आणि जोडणं मुंबईत उत्तम होतं, आणि कस्टम फ्रेमला किटचे पाईप तसेही हुबेहूब बसत नाहीत. कुंभारवाडा, सी. पी. टँकच्या बाजूला स्टेनलेसचे पाईप आणि तयार बेंड मिळतात, क्लँप आणि नटबोल्ट नागदेवीला.

मटेरियल ३०४ नंबरचं स्टेनलेस घ्या, दीड मिलीमीटर जाडीचं. समुद्राजवळ राहत असाल आणि मिळत असेल तर ३१६, त्यात मॉलिब्डेनम असतं म्हणून खाऱ्या हवेचे तांबूस डाग कमी पडतात. कारच्या एक्झॉस्टला वापरतात ते ४०९ स्वस्त पडेल, पण त्यावर वरून गंज येतो आणि शोच्या गाडीला तो दिसतो. साधं लोखंड क्रोम करून घेतलं तर दिसतं सगळ्यात सुंदर, पण ते आतून सडतं. कारण एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं, ते वाफ होऊन जायला सायलेन्सर तापावा लागतो, आणि दादर ते माहीम जाऊन परत आलेल्या गाडीचा सायलेन्सर नीट तापतच नाही. ते पाणी आतच साचतं. सायलेन्सरच्या सगळ्यात खालच्या जागी तीन मिलीमीटरचं एक भोक पाडून घ्या, आवाजात फरक पडत नाही आणि आयुष्य वाढतं.

वेल्डिंग आर्गन गॅसवरच करा आणि वेल्डरला सांगा की पाईपच्या आतूनही आर्गन सोडायचाय, दोन्ही टोकं टेप लावून बंद करून. नाहीतर बाहेरून शिवण आरशासारखी दिसते आणि आत साखरेसारखे काळे खरखरीत दाणे धरतात, तिथूनच पुढे तडा जातो. जोड झाल्यावर आत बोट घालून बघा, हाताला कळतं. पाईप वाकवताना मँड्रेलवर, म्हणजे आत आधार घालून पाईप चेपू न देता, वाकवणारा शोधा. जुने कारागीर वाळू भरून तापवून वाकवतात, तेही झकास होतं, फक्त वाळू भाजून अगदी कोरडी केलेली हवी, ओली असेल तर आत वाफ कोंडून ठोकलेलं बूच गोळीसारखं उडतं. जवळ उभे राहू नका.

प्रश्न: बाबांची बीएसए एम-ट्वेंटी आहे, ते आता थकलेत म्हणून मी चालवते. बेंड पाईप नवीन क्रोम करून आणला आणि थोड्याच दिवसांत हेडजवळ निळा जांभळा झाला, शिवाय थ्रॉटल सोडला की फटाके वाजतात. क्रोमवाला म्हणतो गाडीत दोष आहे. खरं का?
— एक वाचक, चेंबूर

उत्तर: ताई, बाबांची गाडी चालती ठेवलीत याचा खूप आनंद झाला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी सव्वा लाखाच्या आसपास एम-ट्वेंटी बनल्या, त्यातल्या बऱ्याच इकडे आल्या आणि इथेच राहिल्या. क्रोमवाल्याचं म्हणणं बरोबर असायची शक्यता जास्त आहे. क्रोम निळं पडतं ते उष्णतेने, आणि तुमची गाडी साइड-व्हॉल्व (व्हॉल्व सिलिंडरच्या बाजूला असलेली) असल्याने तिचा एक्झॉस्ट मुळातच गरम, त्यामुळे थोडा सोनेरी रंग येणारच. निळा जांभळा मात्र जास्तच झाला.

पहिल्यांदा हँडलवरचा इग्निशनचा लिव्हर बघा. किक मारताना तो रिटार्डला (ठिणगी उशिरा) घेतो, म्हणजे किक उलटी बसत नाही, आणि गाडी सुरू झाली की अॅडव्हान्सला (ठिणगी लवकर) न्यायचा असतो. बऱ्याच जणांचा तो मधेच राहतो. ठिणगी उशिरा पडली की आग सिलिंडरमधे संपायच्या ऐवजी पाईपमधे जळत जाते आणि पाईप लाल होतो. लिव्हर बरोबर असेल तर केबल ताणून मॅग्नेटोला खरंच पूर्ण अॅडव्हान्स मिळतो का ते मिस्त्रींना बघायला सांगा.

फटाके म्हणजे कुठूनतरी बाहेरची हवा पाईपमधे शिरतेय. इंजिन थंड असताना पाईपच्या जोडावर काळ्या काजळीची रेघ दिसते का बघा, ती दिसली की तिथेच गळती. मग गाडी सुरू करून सायलेन्सरच्या तोंडावर जाड ओलं फडकं क्षणभर धरा, जोडापाशी फुसफुस ऐकू येईल. हात भाजणार नाही असं धरा. गळती बंद करून, लिव्हर नीट लावून, मेन जेट एक पायरी मोठा करून बघा, आणि हे सगळं झाल्यावरच परत क्रोमला पैसे घाला.

प्रश्न: कस्टम सायलेन्सरला पोलीस पकडतात का? आणि गाडी पन्नास वर्षांच्या वरची असेल तर विंटेज नंबर घेऊन सुटता येईल का?
— एक वाचक, अंधेरी

उत्तर: पकडतात, आणि पकडायलाच हवं असे सायलेन्सर रस्त्यावर खूप आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम सरळ सांगतो की गाडीला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर पाहिजेच. आवाजाचं आणि धुराचं मानक मोडलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि लायसन तीन महिने बाद. परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला कलम १८२-ए(४) खाली प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. इंजिन बदललं असेल तर आरसी बुकावर त्याची नोंद आरटीओकडून आधी करून घ्या, फ्रेमचा नंबर एका गाडीचा आणि इंजिनचा दुसऱ्या गाडीचा असेल तर सायलेन्सरच्या कितीतरी आधी हेच अंगाशी येतं.

विंटेजचं म्हणाल तर २०२१ ला आलेल्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी, इंजिनमधे मोठा बदल झालेला चालत नाही. म्हणजे कस्टम गाडी तिथेच बाद. आणि नंबर मिळाला तरी ती गाडी रोज चालवता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच काढायची. नोंदणीची फी वीस हजार.

यातलं माझं मत स्पष्ट आहे. केईएमच्या समोरून, टाटा हॉस्पिटलच्या समोरून आपण रोज जातो, हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्या भोवतीचा शंभर मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतो आणि आत झोपलेल्या माणसाला आपली गाडी किती जुनी आणि किती दुर्मिळ आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं. जुन्या ब्रिटिश ट्विनचा खरा आवाज खोल आणि गोल असतो, तो जाळी असलेल्या सायलेन्सरमधूनच चांगला येतो, रिकाम्या पाईपमधून सगळ्याच गाड्या सारख्या फाटक्या वाजतात. पीयूसी पण विसरू नका, २००० च्या आधीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्क्यांपर्यंत चालतो, कार्बोरेटर नीट लावला असेल तर जुनी गाडी सहज पास होते.

प्रश्न: बेंड पाईपला तो कापडी रॅप गुंडाळू का? दिसायला भारी वाटतो.
— एक वाचक, परळ

उत्तर: नको. रेसच्या गाडीत उष्णता पाईपमधेच राहावी म्हणून तो गुंडाळतात आणि तिथे पाईप दर सीझनला बदलतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर तो रॅप भिजलेलाच राहतो आणि लोखंडी पाईप आतल्या आत खाऊन टाकतो, वरून कापड चांगलं दिसत असतं म्हणून कळतही नाही. पायाला चटका बसतो म्हणून लावायचा असेल तर पायापाशी भोकं पाडलेली स्टेनलेसची पट्टी क्लँपने लावून घ्या, मधे थोडी हवा खेळेल एवढी जागा ठेवून.